२०२४ चा सायकलिंग हंगाम एकट्या पोगाचारचा होता का?

चढउतार यांचा प्रश्न

नमस्कार. गेली काही वर्षे मी जुलैतील तूर द फ्रान्स नियमाने पाहतो, परंतु उरलेल्या वर्षात व्यावसायिक सायकलस्वार काय करतात याची मला फारशी कल्पना नव्हती. अलीकडे मी २०२४ चा पुरुषांचा रस्ता-सायकलिंग हंगाम, जितकी चित्रणे मिळाली तितकी क्रमाने पाहून, समजून घेण्याचा प्रयत्न केला. तो संपवल्यावर जो प्रश्न उरला तो जाणकारांपुढे मांडतो.

तादेय पोगाचारने त्या वर्षी जिंकलेल्या शर्यतींची यादी वाचली की पुढे बोलण्यासारखे काही शिल्लक आहे असे वाटतच नाही. मार्चमध्ये, हंगामातील स्वतःच्या पहिल्याच शर्यतीत, म्हणजे स्त्रादे बियांकेत, अंतिम रेषा ८१ किलोमीटर दूर असताना तो एकटा पुढे निघाला आणि सिएनापर्यंत कोणाच्या हाती लागला नाही. त्यानंतर कातालुन्याची फेरी, एप्रिलमध्ये लिएज–बास्तोन–लिएज, मेमध्ये जिरो द इतालिया, जुलैमध्ये तूर, सप्टेंबरअखेर झुरिकमध्ये विश्वविजेतेपद आणि ऑक्टोबरमध्ये सलग चौथ्यांदा इल लोम्बार्दिया. एकूण विजय २५. जिरो आणि तूर एकाच वर्षी जिंकणे १९९८ मधील मार्को पंतानीनंतर कोणाला जमले नव्हते, आणि त्या जोडीला त्याच वर्षीचे विश्वविजेतेपदही मिळवणारे पुरुष त्याच्याआधी दोघेच झाले होते: १९७४ मध्ये एडी मर्क्स आणि १९८७ मध्ये स्टीफन रोश.

माझे प्रश्न दोन आहेत. या सर्व शर्यतींना जोडणारी, वर्षाअखेरीस कोणाला तरी विजेता ठरवणारी एखादी गुणतालिका किंवा किताब आहे का? की प्रत्येक शर्यत आपापल्या जागी सुटी आहे? दुसरा प्रश्न अधिक सतावणारा आहे. जिरोच्या दुसऱ्याच टप्प्यात, ओरोपाच्या चढावर, पोगाचारने एकंदर आघाडीवर असलेल्याची गुलाबी जर्सी मिळवली आणि रोमपर्यंत ती त्याच्या अंगावरून उतरली नाही. मग उरलेले एकोणीस टप्पे बाकीचे दीडशेहून अधिक लोक कशासाठी सायकल हाणत होते? आणि पाचव्या-सहाव्या क्रमांकावर येऊनही काही संघ एवढा हर्ष का करत होते? मी उपरोधाने विचारत नाही. कोठे पाहायचे हे मला कळत नसावे, असा माझा अंदाज आहे.

लांबपल्ला यांचे उत्तर

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे. संपूर्ण हंगामाचा विजेता असा कोणी नसतो. १९८९ ते २००४ या काळात मोठ्या एकदिवसीय शर्यतींना जोडणारा विश्वचषक होता. त्यात गुण मोजले जात आणि आघाडीवर असलेल्याला वेगळी जर्सी मिळे. पाओलो बेत्तिनीने तो शेवटची तीन वर्षे सलग जिंकला. तरीही बेत्तिनीची थोरवी सांगताना कोणीही रसिक आधी लिएज आणि मिलान–सान रेमोची नावे घेईल, विश्वचषक त्यामागून. आज यूसीआय ही आंतरराष्ट्रीय संघटना वर्षभराची क्रमवारी प्रसिद्ध करते. तिचे गुण संघांच्या दृष्टीने फार मोलाचे असतात, परंतु क्रमवारीत पहिला यावा म्हणून कोणी हिवाळाभर घाम गाळत नाही. तो घाम एखाद्या ठरावीक रविवारासाठी असतो, किंवा जुलैतील तीन आठवड्यांसाठी.

म्हणून २०२४ कडे पाहताना मी त्याचे शरीरयष्टीनुसार भाग करतो. मार्चअखेरपासून एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापर्यंत बेल्जियममधील फ्लँडर्स आणि उत्तर फ्रान्समधील दगडी रस्त्यांच्या शर्यती होतात. तेथे भारदस्त, आखूड चढावर स्फोटक ताकद लावणारा माणूस चालतो. त्यानंतर आर्देन भागातील तीव्र चढांच्या शर्यती येतात आणि हलक्या अंगाचे लोक पुढे सरकतात. मेपासून सप्टेंबरपर्यंत तीन आठवड्यांच्या तीन मोठ्या फेऱ्या (इटलीची जिरो, फ्रान्सची तूर आणि स्पेनची व्हुएल्ता), आणि त्यांच्या पोटात सपाट टप्प्यांवर वेगाची अखेरची झेप घेणाऱ्या स्प्रिंटरांचे वेगळेच राज्य. एका भागातला राजा दुसऱ्या भागात बहुधा साधा प्रजाजन असतो. पोगाचारचे वैशिष्ट्य हे की त्याने या सीमा पुसट केल्या. पण २०२४ मध्ये त्याने फ्लँडर्सची फेरी आणि पारी–रुबे या दोन शर्यतींत भागच घेतला नव्हता, आणि तेथे जे घडले ते आपल्या यादीत नाही.

तेथे मॅथ्यू व्हॅन डर पूल होता, अंगावर विश्वविजेत्याची इंद्रधनुषी जर्सी घालून. फ्लँडर्समध्ये कोपेनबर्ग नावाचा चढ आहे. लांबी जेमतेम सहाशे मीटर, परंतु सर्वांत उभी चढण २२ टक्क्यांची आणि जमीन गोलसर दगडांची. त्या दिवशी पावसाने दगड निसरडे झाले होते. अशा चढावर उभे राहून पॅडल मारले की मागच्या चाकावरचा भार कमी होऊन ते जागच्या जागी फिरते. बसून राहिले तर ताकद अपुरी पडते. एक जण अडखळला की त्याच्यामागच्यांना पाय टेकावेच लागतात, आणि एकदा टेकले की त्या उभ्या चढणीवर पुन्हा सायकलवर बसता येत नाही. जगातील उत्तमोत्तम सायकलस्वार बुटांच्या तळाच्या कडक पट्ट्यांवर घसरत, सायकल हाताने ढकलत वर जात होते. व्हॅन डर पूल, मॅटेओ जोर्गेनसन आणि माड्स पेडरसन मात्र सायकलवरूनच पार झाले. पुढचे सुमारे ४४ किलोमीटर व्हॅन डर पूल एकटा होता. आठवड्याने पारी–रुबेत त्याने हेच ६० किलोमीटरांवरून केले.

मला त्याहून अधिक आवडते ती त्याची मिलान–सान रेमो, जी त्याने जिंकली नाही. २८८ किलोमीटरांच्या या शर्यतीचा निकाल शेवटच्या पोज्जिओ या चढावर लागतो. पोज्जिओ केवळ ३.७ किलोमीटरांचा, सरासरी चढण चार टक्क्यांच्याही खाली. तेथे वेग इतका असतो की पुढच्याच्या मागे दडून राहणाऱ्याची हवेविरुद्धची मेहनत वाचते आणि बलवान माणसालाही इतरांना झटकता येत नाही. पोगाचारने प्रयत्न केला, व्हॅन डर पूल त्याच्या चाकाला चिकटला, आणि खाली सपाटीवर आल्यावर या विश्वविजेत्याने स्वतःची संधी सोडून सहकारी यास्पर फिलिप्सनसाठी पळून जाणाऱ्यांचा पाठलाग केला. फिलिप्सनने मायकेल मॅथ्यूजला निसटते मागे टाकले आणि पोगाचार तिसरा आला. तीन आठवड्यांनी रुबेमध्ये व्हॅन डर पूल पुढे एकटा असताना मागच्या गटात हाच फिलिप्सन होता. त्याने पाठलागाला हातभार लावला नाही आणि तो दुसरा आला. शर्यती सुट्या असतात हे खरे, पण माणसे आणि त्यांचे हिशेब सुटे नसतात.

तिसरेचाक यांचे उत्तर

लांबपल्ला यांनी विजेत्यांच्या बाजूने सांगितले. आपला दुसरा प्रश्न मात्र न जिंकणाऱ्यांविषयी आहे, म्हणून मी त्या बाजूने लिहितो.

२०२४ च्या तूरमध्ये बावीस संघ आणि प्रत्येक संघात आठ जण, म्हणजे १७६ सायकलस्वार सुरुवातीच्या रेषेवर उभे होते. त्यांतील पिवळ्या जर्सीची, म्हणजे एकंदर विजयाची, खरी आशा बाळगणारे चार-पाच असतील. उरलेल्यांपैकी बहुसंख्यांचे काम नेत्याला वाऱ्यापासून आडोसा देणे, मागच्या मोटारीतून पाण्याच्या बाटल्या जर्सीत कोंबून पुढे आणणे, नेत्याचे चाक पंक्चर झाले तर आपले काढून देणे आणि ठरल्या चढाच्या पायथ्याशी त्याला योग्य जागी सोडून स्वतः मागे पडणे, हे असते. मागे पडल्यावरही काम संपत नाही. प्रत्येक टप्प्याला कालमर्यादा असते, ती विजेत्याच्या वेळेवर ठरावीक टक्के वाढवून काढली जाते, आणि तिच्याबाहेर जो पोहोचतो त्याला दुसऱ्या दिवशी शर्यतीत जागा नसते. डोंगराळ टप्प्यांवर शेवटी येणाऱ्या मोठ्या घोळक्याची खरी शर्यत या घड्याळाशी चाललेली असते. प्रक्षेपणात ती क्वचितच दाखवतात, हे मला नेहमी खटकते.

मार्क कॅव्हेंडिशचे उदाहरण घ्या. तूरमधील टप्पेविजयांचा ३४ चा विक्रम त्याच्या आणि मर्क्सच्या नावे होता. २०२३ मध्ये निवृत्ती जाहीर करून तो शेवटची तूर खेळायला आला, आठव्या टप्प्यात पडला, गळ्याजवळचे हाड मोडले आणि त्याने निवृत्ती एक वर्ष पुढे ढकलली. २०२४ चा पहिलाच टप्पा फ्लोरेन्सहून रिमिनीला जाणारा, चढांनी भरलेला, आणि ऊन कडाक्याचे. कॅव्हेंडिशला उलट्या झाल्या, तो लवकरच मागे पडला आणि मोहीम पहिल्याच दिवशी आटोपते की काय अशी अवस्था झाली. अस्ताना संघाचे सहकारी त्याच्याबरोबर मागे थांबले, दिवसभर त्याच्या गतीने चालत राहिले आणि त्याला कालमर्यादेच्या आत घेऊन आले. चारच दिवसांनी, ३ जुलैला, सँ-व्हुल्बास येथे त्याने ३५ वा टप्पा जिंकला. अंतिम दोनशे मीटर त्याचे होते, पण रिमिनीच्या रस्त्यावर ज्यांनी स्वतःचे स्थान, वेळ आणि गुण सोडून दिले त्यांची नावे निकालपत्रात कितव्या पानावर असतात ते पाहा.

त्याच दिवशी रिमिनीला पुढच्या टोकाला काय चालले होते तेही पाहण्यासारखे आहे. फ्रँक व्हॅन डेन ब्रूक हा पहिलीच तूर खेळणारा तरुण सकाळपासून सुटलेल्या गटात होता. त्याचा ज्येष्ठ सहकारी रोमँ बार्दे मुख्य जथ्यातून निसटून त्याला जाऊन मिळाला आणि दोघांनी आळीपाळीने वारा अंगावर घेत, अवघ्या काही सेकंदांच्या फरकाने जथ्याला हुलकावणी दिली. बार्दे २०१६ मध्ये तूरमध्ये दुसरा आणि २०१७ मध्ये तिसरा आला होता. पिवळी जर्सी मात्र त्याला कधीच मिळाली नव्हती, आणि ही त्याची शेवटची तूर होती. रेषा ओलांडताना तो शेजारच्या तरुणाकडे बोट दाखवत होता. तूर कोण जिंकणार याच्याशी या टप्प्याचा सुतराम संबंध नव्हता.

आता पाचव्या-सहाव्या क्रमांकावर हर्ष का, याविषयी. वर्ल्डटूर या सर्वोच्च श्रेणीत अठरा संघांना परवाना मिळतो आणि तो तीन वर्षांच्या गुणांवर ठरतो. २०२४ हे २०२३ ते २०२५ या चक्रातील मधले वर्ष होते. प्रत्येक संघाच्या सर्वाधिक गुण मिळवणाऱ्या वीस जणांचे गुण मोजले जातात. तूरच्या एकंदर विजेत्याला १,३०० गुण मिळतात, तूरचा एक टप्पा जिंकणाऱ्याला २१०. म्हणजे टप्प्यामागे जीव तोडणाऱ्या छोट्या संघाला लहान एकदिवसीय शर्यतींतील पहिल्या दहांतल्या जागा गोळा करणे अधिक फायद्याचे ठरू शकते. २०२२ अखेर लोट्टो आणि इस्राएल या दोन संघांची याच हिशेबाने वरच्या श्रेणीतून घसरण झाली होती. कॅव्हेंडिशचा विक्रम घडवणारा अस्ताना संघ २०२४ संपताना गुणांत बराच मागे होता आणि पुढच्या वर्षी त्याने लहानमोठ्या शर्यतींतून कण कण वेचून जागा राखली. ही पद्धत मला स्वतःला फारशी पसंत नाही, कारण ती संघांना जिंकण्यापेक्षा पदरात काहीतरी पाडून घ्यायला शिकवते. परंतु आपण जो हर्ष पाहिला त्याचे कारण पुष्कळदा हेच असते.

घड्याळ यांचे उत्तर

वरील दोन्ही उत्तरे वाचनीय आहेत, पण माझे मत थोडे वेगळे आहे. मुख्य लढत एकतर्फी झाली की रसिक उपकथानकांकडे वळतात आणि स्वतःची समजूत काढतात. २०२४ चा जिरो गुलाबी जर्सीची लढत पाहू इच्छिणाऱ्यासाठी कंटाळवाणा होता, हे मान्य करायला हरकत नसावी. पोगाचारने सहा टप्पे जिंकले, आणि दुसऱ्या आलेल्या दानी मार्तिनेसवर त्याची आघाडी ९ मिनिटे ५६ सेकंदांची होती. जिरोमध्ये १९६५ नंतर एवढे अंतर पडले नव्हते. सोळाव्या टप्प्यात तरुण ज्युलिओ पेलिझारी मोन्ते पानाच्या चढावर आघाडीवर होता. पोगाचार मागून आला आणि त्याला ओलांडून गेला. टप्पा संपल्यावर पेलिझारीने त्याचा चष्मा मागितला, तर त्याने चष्म्याबरोबर अंगावरची गुलाबी जर्सीही काढून दिली. प्रसंग लोभस आहे, पण पेलिझारीला तो टप्पाच हवा होता.

हंगाम असा का झाला याचे निम्मे उत्तर माझ्या मते ४ एप्रिलच्या एका वळणात आहे. बास्क प्रांताच्या फेरीतील चौथा टप्पा, अंतिम रेषा सुमारे ३५ किलोमीटर दूर, ओलाएताचा उतार. उजव्या वळणावर पुढचे काही जण घसरले आणि त्यांच्यामागचे भरधाव वेगात रस्त्याकडेच्या काँक्रीटच्या नालीपलीकडे फेकले गेले. आधीची दोन वर्षे तूर जिंकलेल्या योनास विंगेगोरचे गळ्याजवळचे हाड आणि बरगड्या मोडल्या, फुप्फुसाला इजा झाली. तो बारा दिवस रुग्णालयात होता. रेम्को एवेनेपूलचे गळ्याजवळचे आणि खांद्यामागचे हाड मोडले. जे व्हाइनच्या मणक्यांना इजा झाली. प्रिमोझ रोग्लिचलाही शर्यत सोडावी लागली. मुख्य जथ्याची शर्यत तेथेच थांबवण्यात आली आणि पुढे सुटलेल्या सहा जणांनाच टप्प्यासाठी झुंजू दिले. पोगाचार त्या फेरीत नव्हता. म्हणजे तूरच्या चार प्रमुख दावेदारांपैकी तिघे तीन महिने आधी एकाच वळणावर जायबंदी झाले आणि चौथा सुखरूप राहिला. यात पोगाचारचा दोष कणभरही नाही, आणि धडधाकट विंगेगोरलाही त्याने त्या वर्षी हरवले असते असे मला वाटते. पण तूरमध्ये प्रत्यक्षात हरवले तसे ६ मिनिटे १७ सेकंदांनी नाही.

म्हणूनच तूरचा अकरावा टप्पा, ल लिओरँ, हा मी त्या वर्षातील सर्वोत्तम दिवस मानतो. मध्य फ्रान्समधील जुन्या ज्वालामुखींच्या डोंगरांत पोगाचारने सुमारे ३१ किलोमीटर बाकी असताना हल्ला केला. आघाडी अर्ध्या मिनिटापर्यंत गेली आणि आणखी एक एकट्याचा विजय ठरलेला वाटू लागला. विंगेगोरने मात्र धांदल न करता पुढच्या चढावर एकेक सेकंद परत मिळवला, त्याला गाठले, आणि अखेरच्या दोघांच्या स्प्रिंटमध्ये, जेथे पोगाचार सहसा हरत नाही, त्याला चाकाच्या फरकाने मागे टाकले. मुलाखत देताना त्याला रडू आवरले नाही. ज्याला बास्कचे वळण ठाऊक नाही त्याला हा एक साधा टप्पेविजय वाटेल.

जाता जाता एक गोष्ट नोंदवणे आवश्यक वाटते. बास्कच्या अपघातातून सगळे जिवंत परतले, पण जुलैत ऑस्ट्रियाच्या फेरीत एका नॉर्वेजियन सायकलस्वाराचा उतारावर मृत्यू झाला, आणि सप्टेंबरमध्ये झुरिकच्या विश्वस्पर्धेतच कनिष्ठ महिला गटातील एका स्विस मुलीचा. यूसीआयने त्याच वर्षी धोकादायक वर्तनासाठी पिवळ्या कार्डांचा प्रयोग सुरू केला. कार्डाने सायकलस्वाराला शिस्त लागेल. उताराकडेच्या उघड्या नालीला लागणार नाही. मार्ग आखणाऱ्यांवरची जबाबदारी त्यामानाने अजून सैलच आहे.

चढउतार

तिघांचेही मनःपूर्वक आभार. ल लिओरँचा टप्पा मी पाहिला होता, पण बास्कच्या अपघाताशी त्याची सांगड घातली नव्हती. आता तो पुन्हा पाहीन. आणखी दोन शंका. पंधराव्या टप्प्यात प्लातो द बेलच्या चढावर पोगाचारने पंतानीची १९९८ मधील वेळ मोडली, तीही तीन मिनिटांहून अधिक फरकाने, असे समालोचक म्हणत होते. या खेळाचा इतिहास पाहता असे आकडे ऐकून मन साशंक होते. त्याकडे कसे पाहावे? आणि व्हुएल्ता मी अद्याप पाहिलेली नाही. पोगाचार नव्हता म्हणून ती दुय्यम समजावी का?

लांबपल्ला

साशंक होणे स्वाभाविक आहे. १९९८ हे फेस्तिना संघाच्या उत्तेजक प्रकरणाचे वर्ष, आणि लान्स आर्मस्ट्राँगची सात विजेतेपदे २०१२ मध्ये काढून घेण्यात आली; त्या काळातल्या वेळा मोडल्या गेल्या की प्रश्न उठणारच. मी दोन गोष्टी वेगळ्या ठेवतो. पोगाचारविरुद्ध उत्तेजकांचे कोणतेही प्रकरण सिद्ध झालेले नाही, तेव्हा केवळ घड्याळ पाहून आरोप करणे अन्यायाचे ठरेल. त्याच वेळी, संशयाला उत्तर म्हणून जी कारणे दिली जातात ती तपासून पाहण्यासारखी आहेत. त्या दिवशी विंगेगोरच्या संघाने दिवसभर वेग चढता ठेवला, शेवटच्या चढावर जोर्गेनसनने तो आणखी वाढवला, मग सुमारे साडेदहा किलोमीटर बाकी असताना विंगेगोरने स्वतः हल्ला केला, आणि पोगाचार पुढचे सुमारे पाच किलोमीटर त्याच्यामागे राहून शेवटच्या साडेपाच किलोमीटरांत सुटला. विंगेगोर आणि एवेनेपूल हेही पंतानीच्या वेळेपेक्षा लवकर वर पोहोचले. आज सायकलस्वार तासाला १०० ते १२० ग्रॅम कर्बोदके पचवायला शिकले आहेत, जे पूर्वी पोटाला झेपत नसे. टायर रुंद झाले, त्यांचे घर्षण घटले. उंचावरील सराव काटेकोर झाला. एवढ्याने तीन मिनिटांचा सगळा हिशेब लागतो असे मी म्हणणार नाही. त्याच जुलैत काही संघ उंचीवरील सरावाचा परिणाम मोजण्यासाठी कार्बन मोनॉक्साइड हुंगण्याची चाचणी वापरतात हे उघड झाले; ती तेव्हा नियमबाह्य नव्हती, आणि तिचा वारंवार वापर यूसीआयने २०२५ मध्ये बंद केला. मर्यादा कोठे आहे हे संघ सतत चाचपडत असतात, आणि नियम त्यांच्यामागून येतात.

व्हुएल्ता दुय्यम समजू नका. माझ्या मते ती त्या वर्षीची सर्वांत चुरशीची मोठी फेरी होती, आणि तिला कारण ठरला एक फसलेला अंदाज. सहाव्या टप्प्यात बेन ओ'कॉनर सुटलेल्या गटातून निघून एकटा युंकेराला पोहोचला, आणि मागच्या जथ्याने त्याला इतके सैल सोडले की आघाडीच्या लाल जर्सीबरोबर रोग्लिचवर ४ मिनिटे ५१ सेकंदांची आघाडी त्याच्या पदरात पडली. दावेदारांच्या संघांनी बहुधा असा विचार केला असावा की हा डोंगरांत आपोआप गळेल. तो गळला नाही. एकेक चढावर थोडे थोडे गमावत त्याने एकोणिसाव्या टप्प्यापर्यंत जर्सी राखली. पाठलाग करणारा रोग्लिच पाठीच्या दुखण्यासह तूर अर्धवट सोडून आलेला, घाई न करणारा. मोनकाल्व्हियोच्या चढावर त्याचा अख्खा संघ रांगेने पुढे आला, एकेकाने वेग चढवला आणि रोग्लिच एकटा निघाला. चौथी व्हुएल्ता जिंकून त्याने रोबेर्तो एरासशी बरोबरी केली. ओ'कॉनर २ मिनिटे ३६ सेकंदांनी दुसरा आला.

तीन टप्पे जिंकून गुणांतील आघाडीच्या हिरव्या जर्सीत असलेला वाउट व्हॅन आर्ट सोळाव्या टप्प्यात ओल्या उतारावर पडून बाहेर गेला, तो भागही वगळू नका. शिवाय ऑगस्टमध्येच, व्हुएल्ताच्या आधी, पॅरिस ऑलिम्पिकची रस्ता-शर्यत झाली. तेथे एका देशाचे जास्तीत जास्त चार जण आणि कानात रेडिओ नाही. एवेनेपूल आघाडीवर एकटा असताना, रेषा चार किलोमीटरांहून कमी अंतरावर राहिली असता त्याचे चाक पंक्चर झाले. आपली आघाडी किती आहे हे ठाऊक नसल्याने सायकल बदलताना तो हातवारे करीत, ओरडून विचारत होता. आघाडी मिनिटाहून अधिक होती. आठवड्यापूर्वी टाइम ट्रायलचे, म्हणजे एकेकट्याने घड्याळाविरुद्ध करायच्या शर्यतीचे, सुवर्णपदक त्याने जिंकलेच होते, आणि दोन्ही सुवर्णपदके एकाच ऑलिम्पिकमध्ये मिळवणारा तो पहिला पुरुष ठरला.

शेवटी, झुरिकची विश्वविजेतेपदाची शर्यत पुन्हा पाहाल तेव्हा पोगाचारला थोडे बाजूला ठेवून पाहा. १०० किलोमीटर बाकी असताना तो निघतो, पुढच्या गटात आधीच गेलेला स्लोव्हेनियाचा यान त्रात्निक थांबून त्याला ओढून नेतो, आणि नंतर काही काळ त्याला साथ देतो तो फ्रान्सकडून खेळणारा पावेल सिवाकोव्ह, जो वर्षभर पोगाचारच्याच संघात असतो. राष्ट्रीय जर्सी घातली तरी व्यावसायिक नाती कशी वागतात यावर तेव्हा बरीच चर्चा झाली होती. पुढचे ५१ किलोमीटर पोगाचार एकटा आहे. कॅमेरा त्याच्यावरच राहील. तरी मागच्या गटावर लक्ष ठेवा. तेथे व्हॅन डर पूल आहे, एवेनेपूल आहे, आणि सगळे एकमेकांकडे पाहत असताना शेवटच्या टप्प्यात कोणाचेही लक्ष नसल्यासारखा ओ'कॉनर निसटतो आणि रौप्यपदक घेऊन जातो.